वयात येणारी मुलं आणि गप्प घरं

चर्चगेट ते विरार हे अंतर साठ किलोमीटरचं. फास्ट लोकल मिळाली तरी सव्वा-दीड तास जातो. त्याआधी स्टेशनपर्यंतची रिक्षा, नंतर ऑफिसपर्यंतची बस. वसई, नालासोपारा, विरार या पट्ट्यातल्या हजारो घरांत आई-बाबा दोघंही सकाळी आठच्या आत बाहेर पडतात आणि रात्री आठ-नऊला परततात. मुलं शाळेतून येतात, शेजारच्या काकूंकडून किल्ली घेतात, झाकून ठेवलेलं ताट समोर ओढतात, क्लासला जातात. उरलेला वेळ मोबाइलचा. याच वयात त्यांचं शरीर बदलतं, आवाज बदलतो, कुणाबद्दल तरी ओढ वाटू लागते आणि कुणाला विचारता न येणारी भीतीही मनात घर करते. या सगळ्याबद्दलची पहिली माहिती त्यांना आई-बाबांकडून क्वचितच मिळते. ती मिळते मित्रांकडून, रील्समधून आणि ग्रुपवर आलेल्या व्हिडिओंतून.

पालक वाईट असतात म्हणून असं होत नाही. पोटाला चिमटा काढून फी भरणारे, परीक्षेच्या काळात टीव्हीची केबल काढून ठेवणारे हेच पालक आहेत. त्यांच्याशीही त्यांच्या आईवडिलांनी या विषयावर कधी बोललेलं नसतं, त्यामुळे सुरुवात कुठून करायची हेच त्यांना ठाऊक नसतं. पण आजच्या परिस्थितीत ही टाळाटाळ पूर्वीपेक्षा कितीतरी महाग पडते. शाळेने हा विषय अर्ध्यावर सोडलेला आहे आणि कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांची जवळजवळ प्रत्येक वाट पालकांच्या सहीपाशी आणून ठेवली आहे. अशा वेळी घरच गप्प राहिलं, तर अडचणीत सापडलेल्या मुलाला जायला जागाच उरत नाही.

मुंबईतून सुरू झालेली लढाई

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं असंच केंद्र उघडलं, म्हणजे या कामात मराठी माणूस जगाच्या मागे नव्हता. या मतांपायी कर्व्यांना विल्सन कॉलेजातली गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवलं. पत्नी मालतीबाई घरखर्चाचा आणि बदनामीचाही भार उचलत त्यांच्यामागे उभ्या राहिल्या.

मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली जात. लोक जे घरात विचारू शकत नव्हते आणि डॉक्टरसमोर बोलायला धजत नव्हते, ते पत्रातून विचारत. १९३४ मध्ये अशाच उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला उभा राहिला. कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक प्रश्नांना शास्त्रीय उत्तर देणं म्हणजे अश्लीलता नाही, ही बाजू त्यांनी लढवली. खटल्यात हार झाली आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

पुढे १९४९ मध्ये मुंबईतच फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडियाची स्थापना झाली. डॉ. विठ्ठल प्रभूंनी मराठी वाचकांसाठी या विषयावर सोप्या भाषेत लिहिलं. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. लहानपणी शिकवलेली गप्प राहण्याची सवय बाईच्या शरीरात आयुष्यभर कशी साचत जाते, हे त्या दोन आकड्यांतून दिसतं. राणीताईंनी पुढे मुलामुलींसाठी 'तारुण्यभान'ची शिबिरं सुरू केली, ती याच अनुभवातून.

एवढी परंपरा असूनही ती घराच्या उंबऱ्याआत आली नाही. व्याख्यानाला टाळ्या पडल्या, पुस्तकं खपली, पण ती कपाटात वरच्या फळीवर, वर्तमानपत्राचं कव्हर घालून ठेवली गेली.

शाळेतला अर्धा धडा

२००५ च्या सुमारास केंद्र सरकारने शाळांसाठी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला. एचआयव्हीचा धोका, शरीरातले बदल, नकार द्यायचा कसा, हे त्याचे विषय होते. २००७ मध्ये महाराष्ट्रात त्यातल्या चित्रांवरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्याने कार्यक्रमावर बंदी घातली. आणखी काही राज्यांनीही हेच केलं. त्याच वर्षी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा बालकांवरील अत्याचारांचा मोठा अभ्यास बाहेर आला. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो केला होता. त्यातल्या ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं, आणि अत्याचार करणाऱ्यांतले निम्मे मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. मुलांना बोलायला शब्द द्यायची गरज सर्वांत स्पष्टपणे समोर आली, त्याच वर्षी वर्गातले शब्द काढून घेतले गेले.

आज दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात 'सजीवांतील जीवनप्रक्रिया' या प्रकरणात मानवी प्रजननसंस्था आहे, ऋतुचक्र आहे. आकृती आहे, नावं आहेत, परीक्षेला प्रश्नही येतो. शिकवणाऱ्या शिक्षकांपैकी काही जण मन लावून शिकवतात. बऱ्याच वर्गांत मात्र हा धडा 'घरी वाचून या' म्हणून सोडला जातो, किंवा मुलामुलींना वेगळं बसवून घाईत उरकला जातो. शिवाय दहावीतलं मूल पंधरा वर्षांचं असतं. बहुतेक मुलींची पाळी त्याआधी दोन-तीन वर्षं सुरू झालेली असते.

माहिती दिली तर मुलं बिघडतील, ही पालकांची भीती खरी असते आणि तिला उत्तर द्यायला हवं. युनेस्कोने २००९ मध्ये या शिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०१८ मध्ये ती सुधारली. देशोदेशींच्या अभ्यासांचा निष्कर्ष त्यात आहे: वयाला साजेसं लैंगिक शिक्षण मिळाल्याने मुलं लवकर संबंधांकडे वळत नाहीत, उलट काही ठिकाणी ती उशिरा वळतात आणि जास्त काळजी घेतात. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बालकांच्या अश्लील चित्रफितींविषयीच्या निकालात या गैरसमजांची दखल घेतली आणि लैंगिक शिक्षणाचा आग्रह धरला.

गोळी मिळते, उत्तर मिळत नाही

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात कुठल्याही औषधाच्या दुकानात एक मागणी हमखास येते: पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. लग्न, पूजा, गावची जत्रा, कारण कुठलंही. अनेकदा आई त्या स्वतःसाठी घेते, कधी तेरा-चौदा वर्षांच्या मुलीसाठीही घेते, आणि बहुतेकदा डॉक्टरला न विचारता. पाळीची तारीख घरात सगळ्यांना ठाऊक असते. 'तिला प्रॉब्लेम आहे', 'ती बाजूला बसलीय' एवढंही बोललं जातं. पण पाळी येते म्हणजे शरीरात काय होतं, ती सुरुवातीला अनियमित का असते, किती दुखलं तर डॉक्टरकडे जायचं, हे कुणी सांगत नाही. भारतातल्या १३८ अभ्यासांचा, सुमारे ९७ हजार मुलींचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिली पाळी येण्याआधी तिच्याविषयी माहिती असलेल्या मुली जेमतेम निम्म्या निघाल्या. उरलेल्या निम्म्या मुलींनी पहिल्यांदा रक्त पाहिलं, तेव्हा आपल्याला काय झालंय हे त्यांना कळलंच नव्हतं.

मुलग्यांची गोष्ट याहून एकाकी आहे. पश्चिम रेल्वेच्या लोकलच्या डब्यात, पुलाखालच्या भिंतींवर 'गुप्तरोग', 'कमजोरी', 'बचपन की गलती' अशी पोस्टर वर्षानुवर्षं चिकटवलेली आहेत. रोज कॉलेजला जाणारा मुलगा ती वाचत जातो. रात्री झोपेत वीर्य जाणं ही वयात येण्याची अगदी साधी खूण आहे. हस्तमैथुनाने अंग खराब होत नाही, स्मरणशक्ती जात नाही, पुढे मूल होण्यात अडथळा येत नाही. हे घरात कुणी दोन वाक्यांत सांगितलं, तर त्या पोस्टरवाल्याचा धंदाच बसेल. पण आई म्हणते, बाबांशी बोल. बाबा पेपर उघडतात. मुलगा फोन उघडतो. तिथे त्याला बाईचं शरीर दिसतं, पण तिची मर्जी दिसत नाही. नकार म्हणजे काय, दुसऱ्याच्या शरीराचा मान ठेवायचा म्हणजे काय, याचा एकही धडा त्या पडद्यावर नसतो.

एखाद्या मुलाला मुलगाच आवडतो किंवा मुलीला मुलगी, तेव्हा ही कोंडी आणखी घट्ट होते. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत असा निर्णय दिला. पण त्या मुलांना पहिला निर्णय हवा असतो तो स्वतःच्या घरातला.

एक पट्टा, अनेक घरं

चार नगरपालिका आणि आजूबाजूची गावं मिळून जुलै २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या सव्वाबारा लाखांच्या घरात होती, आणि त्यानंतर नालासोपारा-विरारच्या पूर्वेला किती इमारती उभ्या राहिल्या हे लोकलमधून नुसतं बाहेर बघितलं तरी कळतं. इथे घर म्हणजे एकच एक गोष्ट नाही.

पश्चिमेला वाडवळ, सामवेदी, भंडारी, कोळी, ख्रिस्ती कुटुंबांची जुनी गावं आहेत: निर्मळ, गास, आगाशी, भुईगाव, अर्नाळा. विहीर, वाडी, मोठं कुटुंब. तिथे आई बोलत नसली तरी मावशी होती, आत्या होती, थोरली वहिनी होती. लग्नाच्या आधी का होईना, मुलीच्या कानावर चार गोष्टी पडत. ती माहिती अपुरी होती, तीत भीतीही बरीच होती, पण विचारायला माणूस होतं. आता वाड्यांच्या जागी इमारती आल्या, कुटुंबं फ्लॅटमध्ये विभागली गेली, आणि ही मधली माणसं मुलांच्या रोजच्या आयुष्यातून बाजूला झाली. त्यांची जागा कुणीही घेतली नाही.

पूर्वेला चाळी, वन-आरके, भाड्याच्या खोल्या. कोकणातून, देशावरून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली कुटुंबं. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं झोपतात. कपडे बदलायला आडोसा नाही, मग मनातलं बोलायला कुठून असणार? आणखी पूर्वेला डोंगराकडच्या पाड्यांवर आदिवासी कुटुंबं. अनेक घरांतले आईबाप पावसाळा संपला की वीटभट्टीवर जातात, मुली आश्रमशाळेत राहतात. त्यांच्या पहिल्या पाळीला आई जवळ असेलच असं नाही.

ख्रिस्ती कुटुंबांमध्ये लग्नाआधीचं शिबिर ठरलेलं असतं. पण ते लग्न ठरलेल्या जोडप्यांसाठी, म्हणजे या लेखातल्या मुलांच्या वयाला आठ-दहा वर्षं उशिरा. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये कुटुंबावर जे पत्र लिहिलं, 'आमोरिस लेतित्सिया', त्यात मुलांना लैंगिक शिक्षण द्यावं असं सांगणारा स्वतंत्र भाग आहे. वसईच्या चर्चमध्ये रविवारचे धर्मशिक्षणाचे वर्ग नेमाने चालतात आणि पालकही तिथे येतात. या जागेचा उपयोग करायला कुणाची परवानगी मागायची गरज नाही. हेच वाडवळ समाजाच्या मंडळांना, सोसायट्यांच्या गणेशोत्सवांना आणि महिला बचतगटांना लागू आहे. हळदीकुंकवाला डॉक्टरीणबाईंना बोलवून तासभर आयांशी बोलायला सांगितलं, तर त्याला मंडपाइतकाही खर्च येत नाही.

सही पालकांची

१४ नोव्हेंबर २०१२ ला बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा लागू झाला. संमतीचं वय अठरा झालं. सतरा वर्षांची मुलगी आणि एकोणीस वर्षांचा मुलगा एकमेकांवर प्रेम करत असले, तरी कायद्याच्या नजरेत तिची संमती ही संमती नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला किमान दहा वर्षांची शिक्षा आहे, मुलगी सोळाच्या आतली असेल तर वीस. विधी आयोगाने २०२३ च्या अहवालात वय कमी करू नये असं सांगितलं, मात्र सोळा ते अठरा वयातल्या प्रेमसंबंधांत न्यायाधीशाला शिक्षेबाबत विवेक वापरता यावा अशी शिफारस केली. एकोणीस वर्षांच्या किती मुलांना त्यांच्या बापाने हे सांगितलेलं असतं? कायदा मुलाला पहिल्यांदा कळतो तो पोलीस ठाण्यात, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

असा गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे. डॉक्टरलाही आणि पालकांनाही. न कळवणाऱ्याला शिक्षा आहे. म्हणून पोटुशी असलेली अल्पवयीन मुलगी रुग्णालयात आली की पोलीस येतात. या भीतीने मुली आधी घरी लपवतात, मग मैत्रिणीने सांगितलेल्या गोळ्या घेतात, मग महिने निघून जातात. गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलींना २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो, पण पालकांच्या लेखी संमतीनेच. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक मोठा दिलासा दिला: मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव आणि ओळख उघड करण्याची गरज नाही. ही विनंतीसुद्धा पालकांसोबतच करायची आहे. मुलगी घरी वेळेत बोलली, तरच तिला या निर्णयाचा उपयोग.

फोनचंही तसंच. अठरा वर्षांखालच्या कुणाचेही अश्लील फोटो किंवा व्हिडिओ उतरवून घेणं, पुढे पाठवणं हा गुन्हा आहे. वर्गातल्या मुलीचा फोटो 'गंमत म्हणून' फॉरवर्ड करणाऱ्या नववीतल्या मुलाला हे ठाऊक नसतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयोगटातल्या शेकडा सुमारे २२ स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झाल्याचं आढळलं. 'मुलगी हाताबाहेर जाईल' ही भीती त्यातल्या अनेक लग्नांच्या मुळाशी असते. बोलायचं टाळून लग्न उरकणारं घर मुलीला ज्या धोक्यापासून वाचवू पाहतं, त्यातच ढकलतं.

थायलंडने काय केलं

हा संकोच फक्त आपलाच नाही. थायलंडमध्येही मुलांनी वडीलधाऱ्यांचा मान ठेवावा, नाजूक विषय घरात काढू नयेत, अशीच रीत आहे. तिथले पालकही 'अजून लहान आहे', 'शाळेत शिकवतील' म्हणत आले. पण घराबाहेर तिथे सगळे गप्प बसले नाहीत. कार्यकर्ते मेचाई वीरवैद्य यांनी १९७० च्या दशकापासून गावोगावी निरोधाचा प्रचार इतका मोकळेपणाने केला, की लोकांची लाज मोडली. २०१६ मध्ये तिथे किशोरवयीन गरोदरपण रोखण्याचा स्वतंत्र कायदा झाला. दहा ते वीस वयातल्या मुलामुलींना माहितीचा, आरोग्यसेवेचा आणि गुप्ततेचा हक्क मिळाला, आणि गरोदर विद्यार्थिनीला शाळेने शिकत ठेवणं बंधनकारक झालं. १५ ते १९ वयोगटातल्या मुलींमधलं बाळंतपणांचं प्रमाण २०१२ मध्ये हजारी ५३ च्या आसपास होतं, ते २०२० पर्यंत तिशीच्या खाली आलं. कायद्याच्या आधीच घसरण सुरू झाली होती आणि कारणं अनेक होती, पण दिशा ठरली होती. आपल्याकडे असा कायदा नाही. म्हणून आपल्या घरांवरची जबाबदारी त्यांच्याहून मोठी आहे.

बोलायचं कसं

एकदाच समोर बसवून भाषण देऊ नका. लहान लहान बोलणी, वर्षानुवर्षं. तीन-चार वर्षांच्या मुलाला शरीराच्या सगळ्या भागांची खरी नावं कळू द्या आणि कुणी कुठे हात लावायचा नाही हेही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर झालेला अत्याचार आपण विसरलेलो नाही. त्या चिमुकल्या मुली घरी बोलल्या, म्हणून ते उघडकीला आलं. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला पाळीबद्दल ती येण्याआधी सांगा, आणि तिच्या भावालाही सांगा. दहा-अकराच्या मुलाला सांगा की झोपेत कपडे ओले झाले तर घाबरायचं नाही. तेराच्या पुढे प्रेम, नकार, फोटो, कायदा, निरोध, रोग. तातडीची गर्भनिरोधक गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत उपयोगी पडते, पण ती एचआयव्ही किंवा परम्यापासून वाचवत नाही, हेही त्यात आलं.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस हे बोलणं सुरू करायला चांगलं निमित्त आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लस जानेवारी २०२३ मध्ये आली. ९ ते १४ या वयात ती सर्वांत उपयोगी पडते. लस का घ्यायची हे मुलीला समजावताना अर्धा विषय आपोआप निघतो. रवी जाधव यांचा 'बालक-पालक' हा २०१३ चा सिनेमा घरच्यांनी एकत्र बघितला, तरी पुष्कळ गाठी सैल होतात.

घर लहान असेल तर बाहेर बोला. रात्री जेवणानंतर गल्लीत चालताना, रविवारी राजोडी किंवा कळंबच्या किनाऱ्यावर जाताना, स्कूटरवर मागे बसलेल्या मुलाशी. नजरेला नजर न देता मुलं जास्त बोलतात. उत्तर माहीत नसेल तर 'मला नक्की माहीत नाही, विचारून उद्या सांगते' म्हणा, आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगा. बाबांनो, हे काम आईवर टाकू नका. मुलगी पॅड आणायला सांगते तेव्हा बापाने ते सहज आणणं हेही तिच्याशी बोलणंच आहे.

सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य तेव्हाचं, जेव्हा मूल काहीतरी भयंकर घेऊन समोर येतं. तेव्हा पहिला शब्द रागाचा गेला, तर दुसऱ्यांदा ते येत नाही. 'बरं झालं सांगितलंस' एवढंच म्हणा. ओरडायला, रडायला, जाब विचारायला पुढे पुष्कळ वेळ आहे.

मदतीलाही माणसं आहेत. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी २०१४ पासून १० ते १९ वयातल्या मुलांसाठी चालू आहे. महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांतली त्याची केंद्रं 'मैत्री' या नावाने ओळखली जातात. संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालतो. तो आजच घरातल्या फ्रिजवर लिहून ठेवा.

वसई-विरारच्या प्रत्येक आईबापाला माझं कळकळीचं सांगणं आहे. हा लेख वाचून झाला की आपल्या मुलाला किंवा मुलीला एकच गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगा: "शरीराबद्दल, प्रेमाबद्दल, कुणी त्रास देत असेल तर त्याबद्दल, काहीही असलं तरी तू आधी मला सांगायचं. मी रागावणार नाही." आणि दिलेला शब्द पाळा.